दोरीचं दुसरं टोक

मला पाण्याची भीती वाटते, हे माझ्या बायकोला लग्नानंतर तेहेतीस वर्षं माहीत नव्हतं. कळायची वेळच आली नाही. आम्ही धुळ्यात देवपूरला राहतो. पांझरेला पाणी थोडं, आणि आहे ते पुलावरून बघायचं. सुट्टीत कुठे गेलो तर देवदर्शनाला. तिथल्या कुंडाच्या पायरीवर बसून मी डोक्यावर दोन ओंजळी घ्यायचो आणि उठायचो. तिला वाटायचं, मला गार पाणी बाधतं.

भीतीचं कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. लहानपणी विहिरीत पडलो नाही, कुणी ढकललं नाही, घरातलं कुणी बुडालं नाही. खाली पाय टेकणार नाहीत एवढं पाणी आहे, हे कळलं की माझ्या पोटऱ्यांतलं बळ जातं. तेवढंच. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मी नोकरी काढली. जॅकच्या भरवशावर उभ्या केलेल्या बसखाली तासन्तास आडवा पडलेलो आहे. तेव्हा कधी छातीत धडधडलं नाही.

बायको चोपड्याकडची. गाव तापीच्या अगदी काठावर. तिच्या वडिलांची नाव होती. माणसं, शेळ्या, सायकली, कापसाची गाठोडी, सगळं या काठावरून त्या काठावर न्यायची. पूल झाला आणि नाव बंद पडली. तेव्हा ती सातवीत होती. पोहायला कधी शिकली हे तिलाच आठवत नाही. चालायला कधी शिकलो हे आपल्याला आठवतं का, तसं.

मी रिटायर झालो त्या दिवाळीत ती फराळाचे डबे भरता भरता म्हणाली, "मला तापीतून जायचंय."

"म्हणजे?"

"आमची नाव नुसती इकडून तिकडे जायची. बाबांनी जन्मभर तेवढंच केलं. मी बघत राहायचे, पाणी तर तिकडे खाली चाललंय, आणि आपण आपले समोरच्या काठावर. एकदा पाण्याबरोबर जायचंय."

"कुठपर्यंत?"

"प्रकाशा गावापर्यंत तरी."

"प्रकाशाला बस आहे," मी म्हणालो.

ती खूप हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. साठ वर्षांच्या माणसाला, मला भीती वाटते, हे एवढंसं वाक्य बोलायला काय होतं? पण ती डबे बाजूला सारून मला बोटाने ओट्यावर नदी काढून दाखवायला लागली. गिरणा इथे मिळते, अनेर इथे, आपली पांझरा इथे. मी हो म्हणालो.

मग दीड वर्ष मी होडी केली. केली म्हणजे, एका बंद पडलेल्या बांधकामावरची जुनी फायबरची होडी मिळाली. लांब, उथळ, एका बाजूला चीर गेलेली. ती मी बुजवली. मधोमध एक लहान डिझेल इंजिन बसवलं, हँडल मारून चालू होणारं. त्याचा दांडा तळातून मागे पाण्यात काढला आणि टोकाला पितळी पंखा लावला. वर पाइपांचा सांगाडा आणि ताडपत्री. हातात पाना असला की मला काही वाटत नसे. होडी अंगणात विटांवर उभी होती आणि अंगण कोरडं होतं. शेजारचे येऊन बघायचे आणि म्हणायचे, वा, या वयात! मी मान हलवायचो आणि नट आवळायचो.

जानेवारीत, बंधारे भरलेले असताना, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होडी तिच्या माहेरच्या काठाला नेली. तिच्या भावजयीने होडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बायको साडीवर माझा जुना स्वेटर घालून मागच्या बाजूला सुकाणूपाशी बसली. मी इंजिनजवळ. मी केशरी लाइफ जॅकेट घातलं होतं आणि त्याचे पट्टे इतके आवळले होते की श्वास पुरत नव्हता. काठ सुटला तेव्हा माझी पाठ तिच्याकडे होती, म्हणून तिला माझं तोंड दिसलं नाही.

पहिले तीन दिवस कसे होते ते मला विचाराल तर मी होडीच्या आतलं सांगेन, बाहेरचं नाही. बाहेर तिने बघितलं. दोन्ही काठांना केळीचे मळे, पाण्यात उतरलेले मोटारींचे पाइप, गव्हाची हिरवी शेतं, मागे सातपुड्याची निळी रेघ. ती मला हाक मारून दाखवायची, "अहो, ते बघा, ते बघा," आणि मी त्या दिशेला मान वळवायचो. पण डोळे माझे तळाकडे. कारण दांडा जिथून बाहेर जातो तिथून पाणी येत होतं. थेंब थेंब. ग्रीस लावलेली दोरी ठासून भरली तरी तिथून थोडं पाणी येतंच, ते मला माहीत होतं. मीच बसवलं होतं ते. तरी त्या थेंबाचा आवाज इंजिनच्या धडधडीतूनही मला ऐकू यायचा. मी दर दहा मिनिटांनी डब्याने उपसायचो. डब्यात अर्धा कपसुद्धा यायचं नाही.

"एवढं काय उपसताय?" ती म्हणायची. "होडी थोडं पाणी घेतेच."

दुपारी एखाद्या गावाच्या काठाला लागायचं, तिथेच मुक्काम. देवळाच्या ओसरीत किंवा कुणाच्या खळ्यात झोपायला मिळायचं. तिथल्या बायकांशी ती अहिराणीत बोलायला लागली की मला ती नवीच वाटायची. धुळ्याला ती माझ्याशी आणि मुलांशी पुस्तकातल्यासारखं बोलते. इथे तिचा आवाजच वेगळा, मोठा, मोकळा. आणि मी जमिनीवर असल्यामुळे तिथे तिचं ऐकायचो, हसायचो, दोन भाकरी जास्त खायचो. सकाळी धुकं विरायला लागलं की पुन्हा जॅकेटचे पट्टे आवळायला लागायचो.

चौथ्या दिवशी नदी फार रुंद झाली. खाली मोठा बंधारा होता, त्याचं तुंबलेलं पाणी. काठावरची माणसं काडीएवढी दिसत होती. सकाळी दहाच्या सुमारास मागून वारा सुटला. गार, जोरदार. पाण्यावर लाटा उठल्या. समुद्राच्या माणसाला त्या हसण्यासारख्या वाटतील, पण आमची होडी उथळ होती. प्रत्येक लाटेला ती मागून उचलली जायची आणि धप्पकन खाली बसायची. मी फळीला धरून बसलो.

"काठाकाठाने घेऊ का?" मी विचारलं. आवाज सहज ठेवला.

"घेऊ," ती म्हणाली आणि सुकाणू वळवलं. तेवढ्यात इंजिन गुरगुरलं, आचका दिला आणि बंद पडलं.

मागे पाण्यावर थर्माकोलचे पांढरे तुकडे तरंगत होते, रांगेने. कुणीतरी जाळं लावलेलं. ते पंख्यात गेलं होतं. मी दांडा हाताने फिरवून बघितला. हलेना. होडी त्या जाळ्याला अडकून जागच्या जागी हिसके देत होती आणि लाटा आता मागच्या फळीवरून आत येत होत्या. मी डबा घेतला. आता डबा भरून येत होता.

"खाली जाऊन कापावं लागेल," ती म्हणाली.

मला पोहायला येत नाही हे तिला ठाऊक होतंच, त्यामुळे कोण जाणार हा प्रश्न नव्हता. तिने लाइफ जॅकेट काढलं, स्वेटर काढला. जॅकेट घालून बुडी मारता येत नाही. साडी काढून परकराचा काचा मारला. भाजीचा कोयता हातात घेतला आणि नायलॉनची दोरी कमरेला बांधली. गाठ मारायला तिला क्षण लागला नाही, वडिलांनी शिकवलेली गाठ.

"हे टोक तुम्ही धरा."

"कडीला बांधतो ना."

"नको. खाली कुठे गुंतली तर ढील द्यावी लागेल. हातातच ठेवा. मी दोन झटके दिले की ओढायचं. कळलं?"

"कळलं."

ती उतरली. पाणी इतकं गार असावं की तिच्या तोंडून आवाजच निघाला. मग डोकं खाली गेलं. मी दोरी दोन्ही हातांत धरून गुडघ्यावर बसलो. ती वर यायची, श्वास घ्यायची, जायची. तीनदा. चारदा. कापलेल्या जाळ्याचे हिरवे गुंते वर तरंगत होते. मला वाटलं, जमतंय.

पुढचं मी अनेकांना सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी एका ठिकाणी खोटं सांगितलं आहे. आता खरं लिहितो.

जाळ्याने होडी धरून ठेवली होती. शेवटचा धागा तुटला तशी ती सुटली. वाऱ्याने तिला आडवं फिरवलं आणि एक लाट बाजूने आदळली. होडी कलली. मला समोर फक्त पाणी दिसलं, आभाळ नाहीच. आणि मी होडीची कड दोन्ही हातांनी धरली.

दोन्ही हातांनी. म्हणजे दोरी सोडून.

झटका बसून हातातून निसटली असं नाही. मी बोटं उघडली. मला ती उघडताना आठवतात.

होडी सरळ झाली तेव्हा दोरीचं टोक पाण्यावरून सरकत चाललं होतं. हात लांब केला असता तर पहिल्या क्षणी मिळालं असतं. मी कड सोडली नाही. मग तिचं डोकं वर आलं, दहा हातांवर. तिने माझ्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, आणि पोहायला लागली. ती चांगली पोहते. पण वाऱ्याने ढकललेली हलकी होडी माणसाच्या हातापायांपेक्षा जोरात जाते हे मला तिथे कळलं. वीस हात. चाळीस हात. ती काहीतरी ओरडली. वाऱ्यात फक्त शेवट ऐकू आला, "...जिन!"

इंजिन.

इंजिनचं हँडल मारायला उभं राहावं लागतं. मला उभं राहता येईना. मी किती वेळ तसा बसलो ते सांगता येणार नाही, एक मिनिट असेल, तीन असतील. एवढं आठवतं की मी मोठ्याने बोलत होतो. डेपोत नवीन माणसाला सांगतो तसं. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचल. मग हँडल घाल. मग फिरव. मी सरपटत गेलो, गुडघ्यावर उभा राहिलो आणि हँडल घातलं. पहिल्यांदा हँडल उलटं येऊन मनगटावर बसलं. दुसऱ्यांदा नुसता धूर. तिसऱ्यांदा लागलं.

सुकाणू मी कधी धरलं नव्हतं. कुठल्या बाजूला ढकललं की होडी कुठे वळते हे बघून ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. मी फार मोठा वळसा घेतला. वळून तोंड वाऱ्याकडे झालं तेव्हा ती दिसेना.

पाण्यावर थर्माकोलचे पांढरे तुकडे होते, लाटांत वरखाली होणारे. तिचे केस पांढरे झालेत. रंगवायचे तिने दोन वर्षांपूर्वी सोडले. प्रत्येक तुकडा मला तिचं डोकं वाटत होता. मी एकाकडे जायचो आणि तो थर्माकोल निघायचा. मी तिला हाका मारत होतो, नाव घेऊन. आमच्यात नाव घेऊन हाक मारायची पद्धत नाही. मी तोवर कधी मारली नव्हती.

मग एक हात वर आला.

तिने जाळ्याची दोरी धरली होती आणि चार-पाच तुकडे छातीखाली घेतले होते. मी सरळ तिच्याकडे निघालो आणि जवळ आल्यावर माझ्या मनात आलं, खाली पंखा आहे. मीच बसवलेला, पितळी, कडा घासून धारदार केलेला. मी इंजिन बंद केलं. होडी वाऱ्याने पुन्हा लांब गेली. पुन्हा हँडल, पुन्हा वळसा. दुसऱ्यांदा मी तिच्याही पलीकडे गेलो, वारा येत होता त्या बाजूला, आणि तिथे इंजिन बंद केलं. वारा मला तिच्याकडे घेऊन आला. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. आता दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून सुचली.

तिला वर चढता येईना. हात निळे पडले होते. मी कडेवरून वाकलो, कमरेपर्यंत बाहेर. तिच्या काखेत हात घालून ओढलं. तोंडासमोर हातभर अंतरावर ते पाणी होतं, हिरवट काळं. मी डोळे मिटून ओढलं.

काठावर एक म्हातारे कोळी सगळं बघत होते, त्यांना सगळे आबा म्हणतात. जाळं त्यांचंच. होडी लागली तेव्हा ते तावातावाने आले, "मन्हं जायं! बठ्ठं जायं तोडी टाकं!" आणि मग त्यांना ती दिसली, दातावर दात वाजत असलेली. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अरे देवा. बाईले पहिले शेकाले बठाडा."

त्यांच्या झोपडीपुढे तुराट्या पेटवलेल्या होत्या. त्यांच्या बायकोने तिला आत नेऊन कोरडं लुगडं दिलं. दोरी ओल्या गाठीने आवळली होती, सुटेना, म्हणून तशीच लुगड्यावरून लोंबत राहिली. ती येऊन शेकोटीजवळ बसली. आबांनी तिच्या हातात काळ्या चहाची वाटी दिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "दोर व्हता ना कंबरले? मंग?"

"गाठ सुटली," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. आणि मग आम्ही तिघांनीही तिच्या कमरेकडे बघितलं. गाठ तिथे होती. दगडासारखी घट्ट.

आबा शेकोटीत काटकी सारत बसले. बायकोने वाटीतला चहा फुंकला आणि म्हणाली, "हां, सुटली."

तोवर मी पाण्याला घाबरत होतो. त्या दोन शब्दांनंतर मी तिला घाबरायला लागलो.

दुसरा दिवस आम्ही तिथेच राहिलो. तिने आबांच्या बायकोबरोबर बसून जाळं दुरुस्त केलं. तिची बोटं विसरली नव्हती. लाकडी सुई भराभर चालत होती आणि दोघी हसत होत्या. मी पंख्यातले राहिलेले धागे काढले, दांड्याची ग्रीसची दोरी बदलली, कारण नसताना तेल बदललं. ती माझ्याशी नेहमीसारखं बोलत होती. चहा हवा का, मनगट दुखतंय का. मी वाट बघत होतो. प्रत्येक वेळी तिने तोंड उघडलं की मला वाटायचं, आता विचारेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती होडीत बसली आणि मी काठावर उभा राहिलो.

"या ना."

"मला नाही जमणार," मी म्हणालो. "मला पाण्याची भीती वाटते. आत्ताची नाही. पहिल्यापासून."

तेहेतीस वर्षांनी सांगितलं ते असं, चिखलात उभं राहून, चप्पल हातात घेऊन. तिने सुकाणूवरचा हात काढला. चिडली नाही.

"मग दीड वर्ष होडी कशाला केलीत?"

मी चप्पल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही रस्त्याने या. खालच्या गावाला महादेवाचा घाट आहे, आबा म्हणतात. तीन तासांत पोचते. वारा नाहीये आज." आबांनी हँडल मारून दिलं. ती गेली.

मी भरलेल्या जीपमधून, मागे लटकून, अर्ध्या तासात त्या घाटावर पोचलो. साडेदहा वाजले होते. घाटावर चार-पाच बायका धुणं धूत होत्या. मी पायरीवर बसलो. साडेअकरा. साडेबारा. फोन लावला तर लागेना. दीड वाजला. धुणं धुणाऱ्या बायका गेल्या, म्हशींना पाणी पाजायला आलेला एक जण आला आणि गेला. त्याला मी विचारलं, वरून एक होडी येताना दिसली का, ताडपत्रीची, एक बाई आहे. तो म्हणाला, "एकलीच? नाही दिसली."

त्या घाटावर जे झालं त्यापुढे होडीतली भीती काहीच नव्हती. होडीत निदान माझी भीती माझ्याजवळ होती, हात लावता येईल अशी, कडेला, तळाला, त्या थेंबाला. इथे मी कोरड्या दगडावर बसलो होतो, मला काहीही होणार नव्हतं, आणि नदी वळणापलीकडे रिकामी होती. मी मनातल्या मनात इंजिनचा एकेक भाग खोलून बघत होतो. ग्रीसची दोरी मी नीट ठासली होती का? ती दाबून धरणारे दोन्ही नट आवळले की एकच? आदल्या दिवशी काम करताना लक्ष माझं तिच्याकडे होतं. मला तो दुसरा नट आठवेना. कितीही केलं तरी आठवेना. दोन वाजता मी काठाने वर चालायला लागलो. काट्यांत वाट संपली, परत आलो. घाटावर कुणी नव्हतं म्हणून मी मोठ्याने रडलो.

चार वाजत आले तेव्हा आवाज आला. आधी मला छातीतलीच धडधड वाटली. मग वळणावरून ताडपत्री दिसली. होडी पाण्यात फार खाली बसली होती, अगदी हळू येत होती, आणि ती एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसत होती. मी पायऱ्या उतरलो, पाण्यात गेलो. गुडघ्यापर्यंत गेलो. पुढे पाय गेले नाहीत. तिथेच उभा राहिलो आणि होडीचं नाक हातात आल्यावर घट्ट धरलं.

"दांड्यापाशी ढिलं झालंय," ती म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "दोनदा काठाला लावून उपसावं लागलं. पाना सापडला, पण कुठला नट तेच कळेना."

"मी एकच आवळला," मी म्हणालो. "आणि परवा दोरी मी सोडली. गाठ सुटली नव्हती. मी सोडली."

"माहीत आहे मला."

"मग आबांपुढे हो का म्हणालीस?"

"त्यांना काय करायचंय? ते आपल्या दोघांचं आहे."

ती होडीतून उतरली आणि खालच्या पायरीवर बसली, पाय पाण्यातच. मी एक पायरी वर बसलो. मग ती म्हणाली, "सांगू? दोरी सुटली तेव्हा मला काही नाही वाटलं. पाणीच तर आहे. जाळं होतं धरायला. तुम्ही इंजिन चालू केलंत ना, आणि होडी तिकडे वळली, काठाकडे, तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले. वाटलं, हे निघाले."

"मी वळसा घेत होतो."

"हो ना. ते नंतर कळलं."

मी मान हलवली. ती उठून पिशवीतून चिवडा काढायला गेली. आणि एक गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली नाही, नंतरही नाही. सुकाणू हातात आल्यावर मी वळसा घेतला तो खरा. पण वळताना एकदा काठ अगदी समोर आला, जवळ, कोरडा, वर बाभळी, आणि तिथे मी सुकाणू सरळ केलं होतं. दोन श्वास, तीन श्वास. होडी काठाकडे चालली होती आणि मला फार बरं वाटत होतं. मग मी पुन्हा वळवलं. का वळवलं तेही मला सांगता येणार नाही. प्रेम वगैरे काही मनात आलं नव्हतं. हात वळला.

तिने बघितलं होतं ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही नट आवळले आणि होडीत बसलो. घाटावर पुन्हा थांबायची माझ्यात ताकद नव्हती. पुढचे सहा दिवस मी घाबरतच काढले, पण आता उघडपणे. "मला भीती वाटतेय," मी म्हणायचो. "बरं," ती म्हणायची आणि होडी काठाच्या थोडी जवळ घ्यायची. दोन ठिकाणी बंधाऱ्याला ट्रॅक्टरने होडी उचलून खालच्या बाजूला सोडावी लागली. प्रत्येक वेळी ट्रॉलीवरच्या होडीत बसून मला हसू यायचं आणि पाण्यात उतरली की जायचं. प्रकाशाला पोचलो तेव्हा देवळाच्या घाटावर बरीच गर्दी होती. आम्हाला कुणी विचारलं नाही कुठून आलात. तिने नदीत उभं राहून हात जोडले, तोंडाने काही म्हणत होती, बहुतेक वडिलांशी बोलत होती. मी होडी धरून उभा होतो.

होडी आता आबांकडे आहे. ते तिच्यातून जाळं टाकतात. माघ-फाल्गुनात आम्ही दोन-चार दिवस जातो. ती त्यांच्याबरोबर पाण्यात जाते, मी काठावर इंजिनचं काहीबाही करतो.

हे लिहायला मला तीन महिने लागले. मी काही लिहिलं की ती आधी वाचते, शुद्धलेखनाच्या चुका काढते. आत्ता ती आत कणीक मळतेय. हे कागद मी टेबलावर तिच्या चष्म्याखाली ठेवले, मग उचलले, मग पुन्हा ठेवले. नळ बंद झाल्याचा आवाज आला. ती हात पुसत येतेय.